उत्खननाचे ऋण : डेस्मंड क्लार्क यांची विद्यासाधना

दप्तरातील कागद वाचणारा संशोधक आणि जमिनीच्या पोटातील इतिहास वाचणारा संशोधक यांच्या कामात एक मूलभूत भेद आहे. एखादी बखर शंभर जणांनी वाचली तरी ती जागेवर राहते. एकाचा अर्थ चुकला तर दुसऱ्यास मूळ पान पुन्हा उघडून तो सुधारता येतो. उत्खनकास ही सोय नसते. तो जे पान वाचतो ते वाचता वाचताच नाहीसे होत असते. मातीचा थर एकदा उपसला की तो पुन्हा पूर्ववत रचता येत नाही. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या वस्तूच्या शेजारी, किती खोलीवर होती हे त्याने लिहून ठेवले तरच ते उरते. न लिहिले तर ते कायमचे गेले. म्हणून आमच्या मते प्रत्येक उत्खनन हे भावी पिढ्यांकडून काढलेले एक ऋण आहे, आणि त्याची फेड अहवाल प्रसिद्ध करूनच होऊ शकते. आमच्याकडे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात खोदकाम केले आणि १९६० साली त्याचा सविस्तर ग्रंथ अभ्यासकांच्या हाती ठेवला. या तत्परतेचे मोल पुरातत्त्वाशी ज्यांचा परिचय आहे त्यांनाच पुरते कळेल, कारण न लिहिलेल्या उत्खननांची यादी कोणत्याही देशात लहान नाही.

या कसोटीवर एका विद्वानाचे चरित्र तपासून पाहावे असा या लेखाचा हेतू आहे. जॉन डेस्मंड क्लार्क हे त्यांचे नाव. आफ्रिका खंडाच्या प्रागितिहासाचे विसाव्या शतकातील ते अग्रगण्य अभ्यासक होते. आमच्या शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव सापडत नाही. तथापि त्यांच्या कार्याचा एक अध्याय मध्य प्रदेशातील शोण नदीच्या खोऱ्यात घडलेला आहे, आणि तो मराठी वाचकास जवळचा वाटावा असा आहे.

क्लार्क यांचा जन्म १० एप्रिल १९१६ रोजी लंडन येथे झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या क्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी माइल्स बर्किट आणि ग्रॅहॅम क्लार्क या अध्यापकांच्या हाताखाली पुरातत्त्वाचे अध्ययन केले आणि १९३७ साली ते पदवीधर झाले. त्या काळी या विषयाच्या पदवीधरास इंग्लंडमध्ये नोकरी मिळणे दुर्घट होते. जी मिळाली ती हजारो मैल दूर, उत्तर ऱ्होडेशिया या ब्रिटिश वसाहतीत. आज हाच प्रदेश झांबिया या नावाने ओळखला जातो. तेथील लिव्हिंग्स्टन या गावी, व्हिक्टोरिया धबधब्यापासून थोड्याच अंतरावर, डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या स्मरणार्थ एक लहानसे संग्रहालय उभारण्यात आले होते. १९३८ साली बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच क्लार्क त्याचे अभिरक्षक म्हणून रुजू झाले. जवळ ग्रंथालय नाही, विषय जाणणारा सहकारी नाही, हाताशी साहाय्यक मोजके. अशा ठिकाणी तरुण पदवीधराने दोन वर्षे कशीबशी काढून मायदेशी परतावे, हेच स्वाभाविक ठरले असते. क्लार्क तेथे राहिले ते जवळजवळ तेवीस वर्षे.

पहिल्या वर्षातच त्यांनी कामास प्रारंभ केला. १९३९ साली मुम्ब्वा येथील गुहांत त्यांनी खोदकाम केले. धबधब्याच्या परिसरातील वाळू-गोट्यांच्या थरांत दगडी हत्यारे विपुल सापडत. त्यांचा कालानुक्रम लावण्याचा खटाटोप त्यांनी आरंभिला. इतक्यात महायुद्ध पेटले. लष्करी सेवेत त्यांची रवानगी इथिओपिया व सोमालिया या प्रदेशांत झाली. सैनिकी कामातून उसंत मिळेल तेव्हा ते दगडी हत्यारे वेचीत, स्थळांची टिपणे करीत, नकाशे काढीत. इकडे त्यांच्या अनुपस्थितीत संग्रहालयाचा भार त्यांच्या पत्नी बेटी यांनी वाहिला. पतीच्या ग्रंथांतील हत्यारांची अनेक रेखाचित्रेही बेटी यांच्याच हातची आहेत. युद्धकाळातील टिपणांतून सिद्ध झालेला ‘आफ्रिकेच्या शृंगातील प्रागैतिहासिक संस्कृती’ या विषयावरील ग्रंथ १९५४ साली केंब्रिजहून प्रकाशित झाला. तत्पूर्वी १९५० साली उत्तर ऱ्होडेशियातील अश्मयुगीन संस्कृतींवरचा त्यांचा ग्रंथ निघाला होता. ज्याने युद्धातील फावला वेळही वाया दवडला नाही, त्याच्या शिस्तीविषयी आम्ही अधिक काय लिहावे?

या कामामागची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. आफ्रिका हा इतिहासाच्या प्रवाहाबाहेरचा खंड आहे, असा निर्वाळा एकोणिसाव्या शतकात हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाने दिला होता. तो समज शंभर-सव्वाशे वर्षे टिकून राहिला. १९६३ साली ह्यू ट्रेव्हर-रोपर या ऑक्सफर्डच्या प्रख्यात इतिहासकारानेही, आफ्रिकेत अभ्यासण्याजोगा इतिहास आहे तो युरोपीयांच्या तेथील कार्याचाच, अशा आशयाचे विधान केले. लिखित साधने नाहीत म्हणून इतिहास नाही, असा हा न्याय होता. हा न्याय मानला तर भारतातील जोर्वे-नेवासे संस्कृतीही इतिहासातून गळून पडेल. विशेष हे की, ज्या वर्षी हे बोलले जात होते त्याच वर्षी क्लार्क आफ्रिकेतील एका खोऱ्यात लक्षावधी वर्षांचा वृत्तान्त थराथराने उलगडीत होते. त्या खोऱ्याचे नाव कलांबो.

टांगानिका सरोवराच्या दक्षिण टोकाशी, झांबिया आणि टांझानिया यांच्या सीमेवर कलांबो नदी दोनशे मीटरांहून अधिक उंचीच्या कड्यावरून खाली झेपावते. धबधब्याच्या वरच्या अंगास एक लहानसे खोरे आहे. १९५३ साली क्लार्क तेथे पोहोचले, तेव्हा नदीने कापलेल्या काठांत त्यांना दगडी हत्यारे दिसली. आणि त्यांच्या जोडीला दिसले ते लाकूड. या गोष्टीचे महत्त्व थोडे विशद केले पाहिजे. दगड टिकतो, लाकूड, कातडे, वेल, पाने ही कुजून जातात. म्हणूनच त्या युगास आपण अश्मयुग म्हणतो. वस्तुतः त्या मानवाच्या हाती दगडापेक्षा लाकूडच अधिक वेळ असले पाहिजे, पण त्याचा पुरावा उरत नाही. कलांबोच्या खोऱ्यात भूजलाची पातळी उंच असल्यामुळे खालचे थर सदैव पाण्याखाली राहिले. त्यांना हवा लागली नाही, म्हणून लाकूड कुजले नाही. ओंडके, फांद्या, बिया, परागकण सारे त्या चिखलात जतन होऊन राहिले होते.

१९५६ पासून १९६३ पर्यंत क्लार्क यांनी येथे टप्प्याटप्प्याने खोदकाम केले. तळाशी हातकुऱ्हाडी वापरणाऱ्या मानवाची वसतिस्थाने, त्यांवर मध्य अश्मयुगाचे थर, त्यांवर उत्तर अश्मयुग, आणि सर्वांत वर इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातील लोखंड वितळविणाऱ्या व मडकी घडविणाऱ्या शेतकऱ्यांची गावे. एकाच ठिकाणी इतकी दीर्घ परंपरा क्वचितच आढळते. काही लाकडांवर मानवी हातांनी केलेल्या कामाच्या खुणा असाव्यात असे क्लार्क यांस वाटले. परंतु तेवढ्यावरून त्यांनी डांगोरा पिटला नाही. पाण्याने झिजलेले लाकूड आणि माणसाने तासलेले लाकूड यांतील भेद ओळखणे कठीण असते, याची त्यांना जाणीव होती.

येथे एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. क्लार्क ज्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते ते वसाहतीच्या सत्तेने उभारलेले होते. ज्या लोकांच्या पूर्वजांचा इतिहास तेथे काचेच्या कपाटांत मांडला जात होता, त्याच लोकांना आपल्या देशाच्या कारभारात स्थान नव्हते. त्या काळच्या पुरातत्त्वात खणणारे हात स्थानिकांचे आणि ग्रंथावरील नाव परकीयाचे, अशी सर्वत्र रीत होती. आमच्या देशातही ती नव्हती असे नाही. क्लार्क हे त्या व्यवस्थेचे बंडखोर नव्हते; तिच्या चौकटीतच त्यांनी काम केले. हे मान्य करूनही एक गोष्ट नोंदविणे न्याय्य होईल. त्यांनी जमविलेले ज्ञान त्या व्यवस्थेच्या गृहीतकावरच घाव घालणारे होते. ज्या भूमीला इतिहास नाही म्हणून तिच्यावर राज्य करण्याचा अधिकार सांगितला जात होता, तिचा इतिहास मानवजातीत सर्वांत जुना आहे, असे त्या ज्ञानाने दाखवून दिले. विद्या कधी कधी आपल्या आश्रयदात्यावरच उलटते, ती अशी. १९६४ साली झांबिया स्वतंत्र झाला. ते संग्रहालय आजही लिव्हिंग्स्टन गावात उभे आहे आणि ते त्या राष्ट्राचे आहे.

१९५५ साली आफ्रिकेच्या प्रागितिहासाची तिसरी अखिल आफ्रिकी परिषद क्लार्क यांनी लिव्हिंग्स्टन येथे भरविली. पहिली परिषद लुई लीकी यांच्या पुढाकाराने १९४७ साली नैरोबीस, तर दुसरी १९५२ साली अल्जिअर्सला झाली होती. आडगावच्या छोट्या संग्रहालयाने अशा परिषदेचे यजमानपद भूषवावे, यातच त्या संस्थेची वाढ दिसून येते. १९५९ साली त्यांचा ‘दक्षिण आफ्रिका खंडाचा प्रागितिहास’ सर्वसामान्य वाचकांच्या हाती पडला. आणि १९६१ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मानवशास्त्र विभागात ते प्राध्यापक झाले.

येथून त्यांच्या चरित्राचा दुसरा भाग सुरू होतो, आणि शिक्षकांच्या दृष्टीने तो अधिक उद्बोधक आहे. पुढे ग्लिन आयझॅक व क्लार्क हॉवेल हे विद्वानही बर्कलेस आले आणि ते ठिकाण आफ्रिकी प्रागितिहासाच्या अध्ययनाचे प्रमुख पीठ बनले. मलावी, इथिओपिया, सुदान, नायजर अशा अनेक देशांत क्लार्क यांनी मोहिमा नेल्या. विद्यार्थी त्यांच्याबरोबर तंबूत राहून शिकले. आफ्रिकेचा प्रागितिहास पुढे आफ्रिकी अभ्यासकांनीच लिहावयाचा आहे, ही गोष्ट बर्कलेच्या या पीठाने कृतीत आणली. इथिओपियाचे बेर्हाने आस्फाव तेथे शिकले आणि आपल्या देशातील मानवी जीवाश्मांच्या संशोधनात जगन्मान्य झाले.

परिभाषेच्या बाबतीतही त्यांनी महत्त्वाचे कार्य केले. आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या अभ्यासकांनी आपापली नावे रूढ केली होती. एकच शब्द एके ठिकाणी काळ दाखवी, दुसरीकडे हत्यारांचा प्रकार, तर तिसरीकडे लोकसमूह. १९६५ साली ऑस्ट्रियात भरलेल्या परिसंवादात या गोंधळाचा विचार झाला, आणि त्यातून सिद्ध झालेला ग्रंथ क्लार्क यांनी वॉल्टर बिशप यांच्यासह संपादून १९६७ साली प्रसिद्ध केला. संज्ञा स्वच्छ असल्याखेरीज विचार स्वच्छ होत नाही, हे परिभाषेच्या वादांशी परिचित असलेल्या आमच्या वाचकांना सांगावयास नको. पुढे केंब्रिजच्या ‘आफ्रिकेचा इतिहास’ या बृहद्ग्रंथाचा पहिला खंड त्यांच्या संपादनाखाली १९८२ साली निघाला. आरंभापासून इसवी सनापूर्वी सुमारे ५०० पर्यंतचा काळ त्यात आलेला आहे. ज्या खंडाला इतिहास नाही असे म्हटले गेले होते, त्याच्या केवळ या आरंभकाळासाठी हजारांवर पृष्ठे लागली.

आता आम्ही शोणच्या खोऱ्याकडे वळतो. अलाहाबाद विद्यापीठाचे प्राध्यापक गो. रा. शर्मा हे कौशांबीच्या उत्खननामुळे विख्यात झालेले पुरातत्त्वज्ञ. त्यांच्या आणि क्लार्क यांच्या संयुक्त नेतृत्वाखाली १९८० च्या सुमारास मध्य प्रदेशात मध्य शोण खोऱ्याचे संशोधन हाती घेण्यात आले. आफ्रिकेत हत्यारांबरोबर नदीचे थर, हवामान व वनस्पती यांचा एकत्र विचार करण्याची जी रीत क्लार्क यांनी अंगी बाणविली होती, तीच येथे उपयोगी पडली. या खोऱ्यात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर मिळाला. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा जो प्रचंड स्फोट झाला, त्याची ती राख. भारतातील थरांचा काळ ठरविण्यासाठी निसर्गानेच ओढून ठेवलेली ही जणू एक रेघ होय. या संशोधनाचा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. येथेही फेड लांबली नाही.

याच मोहिमेत सिधी जिल्ह्यातील बाघोर येथे एक विलक्षण गोष्ट आढळली. उत्तर पुराश्मयुगाच्या अखेरच्या, म्हणजे सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीच्या वसतिस्थानात वालुकाश्माच्या तुकड्यांचा, सुमारे ८५ सेंटिमीटर व्यासाचा एक ओबडधोबड गोल ओटा निघाला. त्याच्या मध्यभागी एका रंगीत दगडाचा तुकडा होता. दगडावर निसर्गतःच एकात एक अशा त्रिकोणी रेषा उमटलेल्या होत्या. त्याच दगडाचे इतर तुकडे आसपास मिळाले आणि जुळलेही. हे काय असावे, याचा उलगडा ग्रंथांतून झाला नाही. त्या परिसरातील कोल व बैगा लोक आजही अशाच त्रिकोणी रेषांचे दगड ओट्यावर मांडून देवी म्हणून पूजितात. ज्या गावकऱ्यांचे हात खोदकामात होते, त्यांना त्या वस्तूची ओळख पटली. आमच्याकडे गावोगाव शेंदूर माखलेला तांदळा देवी म्हणून पुजला जातो. त्याच्यासमोर वाढलेल्या मराठी माणसास हा वृत्तान्त परका वाटणार नाही.

तथापि येथेही क्लार्क आणि त्यांचे सहकारी यांनी केलेली एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. शर्मा, क्लार्क, केनॉयर व पाल यांनी १९८३ साली या शोधावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकाच्या अखेरीस प्रश्नचिन्ह आहे. भारतातील उत्तर पुराश्मयुगीन देवस्थान, असे म्हणून ते थांबले नाहीत. ते देवस्थान असावे काय, असे त्यांनी विचारले. साम्य दिसते म्हणून परंपरा अखंड आहे असे सिद्ध होत नाही. अकरा हजार वर्षांचे अंतर केवळ श्रद्धेने ओलांडता येत नाही. ज्या देशात दगडाच्या एका तुकड्यावरून सहस्रावधी वर्षांची वंशावळ मांडण्याचा उत्साह वारंवार उफाळतो, तेथे हे एक प्रश्नचिन्ह वर्गातील फळ्यावर लिहून ठेवण्याजोगे आहे.

१९८६ साली क्लार्क सेवानिवृत्त झाले, पण मूळ ऋण अजून फिटले नव्हते. कलांबोचा पहिला खंड १९६९ साली आणि दुसरा १९७४ साली प्रसिद्ध झाला होता. तिसरा शिल्लक होता. दरम्यान कालमापनाचाही घोळ उभा राहिला. किरणोत्सारी कर्बाच्या मापनाने तेथील सर्वांत खालच्या थरांचे वय प्रथम साठ हजार वर्षांच्या आसपास निघाले. परंतु त्या पद्धतीची पोहोच ढोबळमानाने पन्नास हजार वर्षांपर्यंतच असते. त्यापलीकडचे उत्तर म्हणजे काळ याहून मागे आहे, एवढीच सूचना. पुढे दुसऱ्या एका पद्धतीने तो आकडा १,९०,००० पर्यंत मागे गेला. आयुष्यभराच्या कामाचा काळच अनिश्चित राहावा, ही संशोधकाची मोठीच पंचाईत होय. अशा वेळी काम अडगळीत टाकणारे पुष्कळ असतात. क्लार्क यांनी तसे केले नाही. काळ निश्चित नसला तरी काय, कोठे व कशाजवळ सापडले हे निश्चित होते, आणि तेवढे सांगणे हे त्यांचे कर्तव्य होते. तिसरा खंड २००१ साली प्रसिद्ध झाला. शेवटच्या खोदकामास तेव्हा ३८ वर्षे लोटली होती आणि ग्रंथकर्त्याचे वय ८५ होते. १४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

यानंतर जे घडले ते या चरित्राचे फलित म्हणून सांगितले पाहिजे. इथिओपियातील हेर्तो येथे १९९७ साली सुमारे १,६०,००० वर्षांपूर्वीच्या आधुनिक मानवाच्या कवट्या मिळाल्या होत्या. त्यांविषयीचे निबंध जून २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकावर पहिले नाव क्लार्क यांचे आहे. सहाराच्या मध्यावरील अद्रार बूस येथे त्यांनी १९७० साली नेलेल्या मोहिमेचा ग्रंथ त्यांच्या पश्चात, २००८ साली, सहकाऱ्यांनी पुरा केला. आणि २०१९ साली लॅरी बॅरम यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासकांनी कलांबोच्या काठी पुन्हा खोदकाम केले. तेव्हा त्यांच्या हाती होते ते क्लार्क यांचे तीन खंड. कोठे खणावे, कोणत्या थरात लाकूड अपेक्षावे हे त्यांत लिहिलेले होते. त्यांना एकमेकांवर आडवे बसविलेले दोन ओंडके सापडले. वरच्या ओंडक्यास मुद्दाम खाच पाडून तो खालच्यावर बसविलेला होता. वाळूच्या कणांत साठलेल्या ऊर्जेवरून काळ मोजण्याच्या नव्या पद्धतीने त्याचे वय किमान ४,७६,००० वर्षे ठरले आणि २०२३ साली ते जाहीर झाले. आधुनिक मानव पृथ्वीवर अवतरण्यापूर्वी कोणी तरी तेथे ओटा, वाट किंवा निवारा बांधीत होते. लाकडांवर माणसाचा हात फिरला असावा, ही क्लार्क यांनी साठ वर्षांपूर्वी संयमाने नोंदविलेली शंका अशी फळास आली.

या सर्वांचे तात्पर्य काय? पुरावा अपुरा असताना निष्कर्षाची घाई न करणे हे विद्वत्तेचे एक अंग आहे. आणि निष्कर्ष हाती नसतानाही पुरावा यथातथ्य नोंदवून ठेवणे हे दुसरे. पहिले अनेकांना साधते. दुसऱ्यास आयुष्य लागते, आणि त्याची प्रतिष्ठाही कमी. साठ हजारांचा आकडा चुकला, पण थरांची नोंद चुकली नाही, म्हणून पुढच्यांना तो आकडा दुरुस्त करता आला. आमच्या गावोगावच्या शिक्षकांपाशीही लहानमोठी दप्तरे, शिलालेखांचे ठसे, ओव्यांचे संग्रह, पडक्या गढ्यांची मोजमापे पडून आहेत. अर्थ लागला नाही म्हणून ती प्रसिद्ध होत नाहीत, आणि संग्राहकाबरोबर नष्ट होतात. अर्थ लावण्याचे काम पुढच्या पिढीवर सोपविण्यास हरकत नाही. मात्र कोठे, केव्हा, कोणाकडून मिळाले याची नोंद आपणच केली पाहिजे, आणि ती चार लोकांच्या हाती पडेल अशी छापली पाहिजे. बावीस वर्षांच्या क्लार्क यांनी आडगावच्या एका संग्रहालयात ज्या साधनांनिशी आरंभ केला, त्याहून फारशी कमी साधने आज आमच्या कोणत्याही शाळेत नाहीत.